फोर्ट मॅकमरी: वाळूतून तेल काढणाऱ्यांच्या मुलखात

मंगळवार, एडमंटन ते फोर्ट मॅकमरी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन सोडल्यावर पहिले दीड-दोन तास दोन्ही बाजूंना कनोलाची (मोहरीच्या जातीचं तेलबी) आणि गव्हाची शेतं लागतात. मग शेतं संपतात आणि जंगल सुरू होतं. स्प्रूसची बारकी, काळपट झाडं आणि त्यांच्या बुंध्याशी पाणथळ. अशा पाणथळीला इथे मस्केग म्हणतात. पाय टाकला तर गुडघाभर आत जाईल अशी ही जमीन. हिवाळ्यात ती गोठून टणक झाली की मगच तिच्यावर रिग, म्हणजे विहीर खणायचं यंत्र, न्यायची, असा इथला रिवाज. आपल्याकडे पावसाळा संपायची वाट बघतात, इथे थंडी पडायची.

भाची गाडी चालवत होती. ती इथल्या एका कंपनीत प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. चौदा दिवस साइटवर, सात दिवस घरी, असं तिचं चक्र. मी स्वतः नोकरीतली बरीच वर्षं उत्तर गुजरातेत मेहसाण्याकडच्या जड तेलाच्या विहिरींवर काढली. त्यामुळे ‘मामा, एकदा आमचं तेल बघायला ये’ हे तिचं आमंत्रण बायकोला रुचलं नसलं तरी मला नाकारता येण्यासारखं नव्हतं. बायकोचं म्हणणं होतं की कॅनडात जाऊन बॅन्फ बघायचं सोडून डांबर कोण बघतं? तोडगा निघाला. बॅन्फ आधी झालं, डांबर नंतर.

हायवे ६३ हा रस्ता पूर्वी जाण्या-येण्याला एकेकच लेन असलेला होता आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. २०१६ मध्ये फोर्ट मॅकमरीपर्यंतच्या त्याच्या मोठ्या भागात दोन्ही दिशांना दोन-दोन लेन झाल्या. वॉन्डरिंग रिव्हर नावाच्या वस्तीत पेट्रोल भरून घ्यायचं, कारण पुढे बराच वेळ काही मिळत नाही. वाटेत एडमंटनच्या कारखान्यांतून निघालेली अजस्र टाकी वाहून नेणारा ट्रेलर लागला. पुढे-मागे दिवे लावलेल्या गाड्या, आणि मध्ये दोन्ही लेन व्यापून गोगलगायीच्या वेगाने चाललेलं ते धूड. 

गाव जवळ आलं तशी जळक्या झाडांची उभी काटकं दिसायला लागली. २०१६ च्या मे महिन्यातल्या वणव्याची ही खूण. ३ मे रोजी ८० हजारांहून जास्त माणसांना याच एका रस्त्याने बाहेर काढलं होतं. सुमारे २,४०० इमारती जळाल्या. आता काटकांच्या खाली पॉपलर, ॲस्पेनची हिरवी दाटी उगवली आहे. रात्री दहा वाजून गेले तरी बाहेर वाचता येईल इतका उजेड होता, त्यामुळे जेवणं कधी झाली आणि झोपायचं कधी, याचा ताळमेळ काही बसला नाही.

बुधवार, नदीचा काठ आणि संग्रहालय

क्लिअरवॉटर नदी इथे अथाबास्काला मिळते. अथाबास्काचा काठ उंच, आणि काही ठिकाणी त्याला काळे पट्टे. जवळ गेलं की वास येतो, आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याचं काम चाललं असताना येतो तसाच. ऊन चढलं होतं आणि दरडीतून बिटुमेनचे, म्हणजे या डांबरासारख्या घट्ट तेलाचे, जाडसर ओघळ खरोखरच बाहेर आले होते. कुणी विहीर खणलेली नाही, पंप लावलेला नाही. नदीने दरड कापली आणि ते उघडं पडलं, इतकंच.

इथल्या क्री आणि डेने या मूलनिवासी लोकांना हे शेकडो वर्षं माहीत होतं. स्प्रूसच्या डिंकात हे डांबर मिसळून ते आपल्या होड्यांच्या सांध्यांना लावत. १७१९ मध्ये वापासू नावाच्या क्री माणसाने याचा नमुना हडसन बे कंपनीच्या यॉर्क फॅक्टरी ठाण्यावर नेऊन दाखवला, अशी नोंद आहे. ठाण्यावर जनावरांच्या केसाळ कातड्यांचा (फरचा) धंदा चालत होता. डांबर बघून कुणाला उत्साह आला असेल असं वाटत नाही.

गावातल्या ऑइल सँड्स डिस्कव्हरी सेंटरमध्ये आम्ही अर्धा दिवस घालवला. बायको आधी बाकावर बसून राहणार होती, पण गरम पाण्याचं प्रात्यक्षिक सुरू झालं तशी पुढे आली. काचेच्या भांड्यात काळी वाळू, तिच्यावर गरम पाणी, मग ढवळणं. थोड्या वेळात वाळू खाली बसते आणि तपकिरी-काळा फेस वर येतो. तो फेस म्हणजे बिटुमेन. हे इतक्या सहज होतं याचं कारण फार सूक्ष्म आहे. अथाबास्काच्या वाळूत प्रत्येक कणाभोवती आधी पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या बाहेर बिटुमेन. म्हणजे तेल वाळूला थेट चिकटलेलंच नसतं. तो पापुद्रा नसता तर गरम पाण्याने काहीच सुटं झालं नसतं. मी वाळूची ढेकळी बोटांत चुरडून बघितली. हातमोज्यावर काळा डाग राहिला, वाळूचे कण मात्र कचकच करत वेगळे जाणवत होते. वजनात बिटुमेन साधारण दहा-बारा टक्के, थोडं पाणी, बाकी वाळू आणि चिकणमाती.

गरम पाण्याची ही पद्धत बसवली कार्ल क्लार्क या संशोधकाने, १९२० च्या दशकात, अल्बर्टाच्या संशोधन परिषदेत काम करताना. त्याच्याआधी सिडनी एल्स या सरकारी अभियंत्याने १९१३ पासून हा मुलूख पायी आणि होडीने पालथा घातला होता आणि या वाळूने एडमंटनमधला रस्ताही करून दाखवला होता. क्लार्कच्या पद्धतीवर चालणारा पहिला मोठा कारखाना, ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स, ३० सप्टेंबर १९६७ रोजी सुरू झाला. क्लार्क त्याआधी काही महिने, डिसेंबर १९६६ मध्ये वारला. चाळीसेक वर्षं एका प्रयोगाच्या मागे लागायचं आणि उद्घाटनाला नसायचं. तेलाच्या धंद्यात अशी माणसं बरीच असतात, त्यांच्या नावाच्या पाट्या उशिरा लागतात.

हे तेल इतकं घट्ट का, असं बायकोने विचारलं. भूगर्भशास्त्रज्ञांचं उत्तर असं की मुळात ते साधं, पातळ तेल होतं. नैर्ऋत्येला, रॉकी पर्वतांच्या बाजूला खोलवर तयार झालं, पर्वत उठताना थरांमधून वर आणि पूर्वेकडे सरकत आलं, आणि जमिनीच्या पृष्ठभागाजवळ थंड, उथळ वाळूत येऊन थांबलं. तिथे जिवाणूंनी त्यातला हलका भाग खाऊन टाकला. उरलं ते हे. वाळू मात्र ११ कोटी वर्षांहून जुन्या नद्यांची आणि खाड्यांची.

गुरुवार, खाणींचा फेरा

उत्तरेकडे रस्त्याने खाणींना वळसा घालून येता येतं. इंटरनेटवर ‘कॅनडाचं डांबर’ म्हणून जे फोटो फिरतात ते सगळे इथले. आत जायला परवानगी नव्हती, रस्त्यावरूनच पाहिलं. चारशे टनी ट्रक लांबून खेळण्यातले वाटतात. मग त्यांच्या शेजारी उभी असलेली पिकअप गाडी दिसते आणि अंदाज येतो. चाकच चार मीटर उंच. यातले कित्येक ट्रक आता चालकाविना फिरतात. एका बॅरलसाठी सुमारे दोन टन वाळू उपसायची, धुवायची आणि परत टाकायची. पिवळ्याजर्द गंधकाचे प्रचंड पायऱ्या-पायऱ्यांचे ढीगही रस्त्यावरून दिसतात. बिटुमेनमध्ये गंधक भरपूर, आणि ते काढल्यावर नेणार कुठे? म्हणून रचून ठेवलेलं.

गाडीतून उतरलो तर थोड्या थोड्या वेळाने ‘धडाम’ असा आवाज. शिकार चालू आहे की काय, असं बायकोला वाटलं. तो पक्षी उडवायच्या तोफांचा आवाज होता. धुतलेल्या वाळूचं गढूळ पाणी साठवलेल्या विस्तीर्ण तळ्यांवर पाणपक्षी उतरू नयेत म्हणून गॅसवर चालणाऱ्या या तोफा, आणि तळ्यांत केशरी कपडे घातलेली बुजगावणी. २००८ च्या एप्रिलमध्ये एका तळ्यावर बदकांचे थवे उतरले आणि १,६०० हून जास्त बदकं मेली. कंपनीला खटला भरून ३० लाख डॉलरचा दंड झाला. 

या तळ्यांत सगळ्यात चिवट म्हणजे चिकणमातीचे बारीक कण. ते पाण्यात तरंगत राहतात, खाली बसायला पिढ्या लागतील. सगळ्या तळ्यांत मिळून असा गाळ-पाण्याचा साठा शंभर कोटी घनमीटरच्या पुढे गेला आहे. पहिलं तळं २०१० मध्ये बुजवून त्यावर गवत आणि झाडं लावली. त्याला आता वापिसिव लुकआउट म्हणतात, त्याच वापासूच्या नावावरून. हिरवं, छान दिसतं. फक्त त्यातला तो न बसणारा गाळ आधी उपसून दुसऱ्या तळ्यात नेला होता, हे सांगायला हवं. जुन्या खाणीवर तयार केलेल्या कुरणात रानगव्यांचा म्हणजे वुड बायसनचा कळप आहे. दुर्बिणीतून केसाळ पाठी दिसल्या. बायको म्हणाली, ‘हे मात्र बॅन्फमध्ये नव्हतं.’

नदी इथून उत्तरेला वाहते. खाली फोर्ट मॅके आणि त्याच्याही खाली फोर्ट चिपेवायन, दोन्ही मूलनिवासींची गावं. तळ्यांतून झिरपणाऱ्या पाण्याबद्दलची त्यांची तक्रार जुनी आहे आणि ती निकालात निघालेली नाही. त्याच वेळी फोर्ट मॅकेच्या लोकांच्या स्वतःच्या कंपन्या या खाणींना सेवा पुरवतात. ‘विरोध’ आणि ‘पाठिंबा’ अशा दोन खणांत ही माणसं बसवू नयेत.

शुक्रवार, जमिनीखालचं काम

खाणीची गंमत अशी की ती डोळ्यांत भरते म्हणून तेच सगळं आहे असं वाटतं. प्रत्यक्षात इथल्या साठ्यापैकी खाणकाम करून निघण्याजोगा भाग पाचव्या हिश्शाच्या आसपास. बाकीचं तेल इतकं खोल की वरची माती उपसणं परवडत नाही. आज अल्बर्टातलं निम्म्याहून जास्त बिटुमेन विहिरींतून निघतं, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही, कारण काढण्यासारखं वर काही दिसत नाही.

भाचीच्या साइटवर भेटीची परवानगी तिने महिनाभर आधी काढून ठेवली होती. हायवे ८८१ ने दक्षिणेला कॉंकलिनच्या बाजूला. गेटवर हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूविषयी माहिती, अस्वल दिसलं तर काय करायचं याची माहिती, मग बूट, हेल्मेट, आग न धरणारा अंगरखा आणि छातीला गॅस मोजणारं यंत्र. बायकोचे बूट एक नंबर मोठे होते, त्यामुळे ती दिवसभर चालताना टपटप वाजत होती.

पॅड म्हणजे जंगलात केलेलं मुरमाचं सपाट मैदान. त्यावर एका ओळीत विहिरींची तोंडं, जोडीजोडीने. चंदेरी पत्र्याने मढवलेल्या नळ्या जमिनीपासून उंच, ठरावीक अंतरावर चौकोनी वळसा घेत गेलेल्या. हा वळसा नसेल तर तापलेली नळी लांबते तेव्हा वाकून तुटेल. काही ठिकाणी नळ्या मुद्दाम जास्त उंच नेल्यात, मूस हरणांना आणि कॅरिबूंना खालून जाता यावं म्हणून. आवाज फक्त वाफेच्या बारीक सुरसुरीचा. डास मात्र अफाट.

पद्धत अशी. साडेतीनशे-चारशे मीटर खाली वाळूचा थर. त्यात आडव्या दोन विहिरी, एकीच्या डोक्यावर दुसरी, मध्ये पाच मीटर अंतर, लांबी किलोमीटरच्या आसपास. आधी खालची खणतात. मग वरची खणताना चुंबकीय उपकरणाने खालचीचा माग काढत जातात, म्हणजे शेवटपर्यंत अंतर तेवढंच राहतं. हे ऐकून मी भाचीला दोनदा विचारलं, पाच मीटर म्हणजे पाचच ना? मेहसाण्यात उभी विहीर सरळ जावी म्हणून आम्ही किती धडपडायचो ते आठवलं.

सुरुवातीला दोन्ही विहिरींतून काही महिने वाफ फिरवायची, मधली वाळू तापवायची. मग वरच्या विहिरीतून वाफ सोडत राहायचं. थरातलं तापमान मुळात दहा-बारा अंश, त्या थंडीत बिटुमेन जवळपास घन. दोनशे अंशांच्या वर गेलं की ते पातळ काकवीसारखं वाहायला लागतं. वाफ वर चढते, वाळूत पोकळीसारखा गरम भाग पसरत जातो, त्याच्या कडांवरून वितळलेलं बिटुमेन आणि वाफेचं झालेलं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळतं आणि खालच्या विहिरीत जमतं. तिथून पंपाने वर. वाळू जागच्या जागी राहते.

ही कल्पना रॉजर बटलर या अभियंत्याची, १९७० च्या दशकातली. तेव्हा आडव्या विहिरी जमिनीवरून खणण्याचं तंत्र पक्कं नव्हतं. म्हणून अल्बर्टा सरकारच्या एओस्ट्रा या संस्थेने १९८० च्या दशकात फोर्ट मॅकमरीच्या वायव्येला चक्क खाण खणली. वाळूच्या खालच्या चुनखडकात उभे शाफ्ट नेले, तिथे बोगदे काढले, आणि बोगद्यांतून वरच्या वाळूत विहिरी मारल्या. तेलाच्या थराखाली उभं राहून त्यात वाफ सोडायची! १९८७ मध्ये वाफ सोडली आणि तेल आलं. कल्पनेला हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली असतील. पुढे आडवं ड्रिलिंग सोपं झालं आणि बोगद्यांची गरजच उरली नाही. व्यापारी पातळीवरचा पहिला प्रकल्प २००१ मध्ये फॉस्टर क्रीकला सुरू झाला. मला या सगळ्यात लक्षात राहिलं ते हे की पहिला मोठा धोका सरकारी पैशाने पत्करला होता. आज त्या तंत्रावर उभ्या कंपन्यांच्या जाहिरातींत हे ठळकपणे कुठे दिसत नाही.

कंट्रोल रूममध्ये भाचीने तिच्या कामाचा गाभा दाखवला. पडद्यावर प्रत्येक जोडीसाठी एक आकडा, त्याला सबकूल म्हणतात. खालच्या विहिरीत येणारा द्रव त्या दाबाला उकळण्याच्या बिंदूपेक्षा किती अंश थंड आहे, तो हा आकडा. तो काही अंशांवर टिकवायचा. फार खाली गेला तर वाफच सरळ खालच्या विहिरीत घुसते आणि लायनरच्या, म्हणजे विहिरीतल्या चाळणीसारख्या नळीच्या, बारीक चिरा झिजवते. फार वर गेला तर विहिरीवर द्रव साचून राहतो आणि उत्पादन पडतं. म्हणजे खालच्या विहिरीवर द्रवाचा पातळ थर बुचासारखा राखायचा, न पाहता, चारशे मीटर खाली, किलोमीटरभर लांब. एका जोडीचा आकडा खाली घसरत होता. तिने पंपाचा वेग किंचित कमी केला आणि आमच्याशी बोलत राहिली, पण नजर पडद्यावर. दहा-बारा मिनिटांनी रेषा सरळ झाली तेव्हा कुठे तिने चहा घेतला.

‘मामा, तुमच्याकडे तर सरळ आग लावता ना?’ तिथल्या एका सहकाऱ्यासाठी तिने हे इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं, बलोल आणि सांथलला आम्ही थरात हवा दाबून तेलाचाच थोडा भाग जाळतो, त्या उष्णतेने पुढचं तेल सरकतं. बाहेर इंधन जाळायला नको. पण आग कुठे चालली आहे हे सांगणं कठीण, आणि बरोबर नको ते वायूही वर येतात. तो सहकारी म्हणाला, आम्हाला आग नको, वाफेचाच ताप पुष्कळ आहे.

ताप म्हणजे हिशोबाचा. मध्यवर्ती प्लांटमध्ये बॉयलरांची रांग आहे. वर आलेल्या मिश्रणातून तेल वेगळं करायचं, पाणी शुद्ध करून परत बॉयलरला द्यायचं. पाणी पुरेसं स्वच्छ होत नाही, म्हणून बॉयलरमध्ये सगळ्याची वाफ करतच नाहीत. पाचवा भाग पाणीच ठेवतात, क्षार त्यात राहतात आणि नळ्यांवर थर बसत नाही. नव्याने लागणारं पाणी बरंचसं खोलातलं खारं. हे सगळं नीटनेटकं, कौतुकास्पद. पण बॉयलर चालतात नैसर्गिक वायूवर. एक बॅरल तेलामागे दोन-तीन बॅरल पाण्याची वाफ, आणि तेवढ्या वाफेला सुमारे हजार घनफूट वायू. बॅरलमधल्या ऊर्जेच्या साधारण सहाव्या भागाइतका वायू ते बॅरल बाहेर काढतानाच जळतो. काल खाणीचा खड्डा बघून आमची बायको हळहळली होती, आज जंगल शाबूत बघून तिला बरं वाटलं. माझं मत नेमकं उलटं झालं. खाणीतलं नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. इथलं चिमणीतून जातं, आणि त्याचा फोटो येत नाही.

वरचा थर फुटला तर काय, हेही मी विचारलं. २००६ च्या मे महिन्यात जॉस्लिन क्रीकला वाफेच्या दाबाने वरचा शेल खडक फुटून जमिनीतून वाफेचा आणि दगडांचा उद्रेक झाला होता. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून दाबाच्या मर्यादा कडक झाल्या. वाफ सोडल्यावर वरची जमीन काही सेंटिमीटर वर उचलली जाते, ती उपग्रहावरून मोजतात.

शनिवार, गावात

पाऊस. भाचीच्या ओळखीच्या एका घरी जेवण होतं. मराठी एकच कुटुंब, बाकी पंजाबी, केरळचे, फिलिपिनो आणि न्यूफाउंडलंडचे. कॅनडाच्या पूर्व टोकाच्या त्या बेटावरून इतकी माणसं इथे आली आहेत की या गावाला गमतीने त्यांचं दुसरं शहर म्हणतात. साबुदाण्याच्या वड्यांशेजारी सुकवलेल्या कॉड माशाचा पदार्थ होता. गप्पा तेलाच्या भावाच्या. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली गेला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी नदीत बर्फ अडून गावात पूर आला. ‘नोकरी, घर आणि तळघर एकाच आठवड्यात,’ असं यजमान म्हणाले आणि वडा पुढे केला.

रविवार, परतीचा रस्ता

८८१ ने लाक ला बिशमार्गे उतरलो. तळ्याकाठी सँडविच, पेलिकन, आणि परत कनोला.

वाटेत भाचीने शेवटचा भाग सांगितला. विहिरीतून आलेलं बिटुमेन थंड झालं की पाइपलाइनमधून जात नाही. म्हणून त्यात हलकं तेल मिसळतात, तीस टक्क्यांच्या आसपास. मग ते दक्षिणेला अमेरिकेत जातं, आणि २०२४ च्या मे महिन्यापासून वाढवलेल्या ट्रान्स माउंटन पाइपलाइनने जास्त प्रमाणात पश्चिम किनाऱ्यावर आणि जहाजाने आशियाकडे. त्याच वर्षी त्यातलं काही जामनगरच्या रिफायनरीनेही विकत घेतलं. मी म्हटलं, म्हणजे तुझं तेल आमच्या मेहसाण्याच्या शेजारी येऊन पोचलं. ती म्हणाली, ‘मामा, तिकडे गेल्यावर सबकूल कोण बघणार ते सांग.’

कुणाला जायचं असेल तर जून ते सप्टेंबर बरा. वणव्याचा धूर असेल तर रस्ता बंद होऊ शकतो, आधी बातम्या बघाव्यात. डिस्कव्हरी सेंटरच्या वेळा विचारून जावं. खाणींचा फेरा स्वतःच्या गाडीने होतो, साइटवर मात्र आतलं माणूस असल्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. आणि डासांचं मलम इथून नेऊ नका, त्याला ते भीक घालत नाहीत. तिथलंच घ्या.